निवळायला लागणारा वेळ

पोवळ्यांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना जुन्या हुबळीपासून सुरू व्हावी, ही काहींना ओढाताण वाटेल. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर आहे. इथलं पाणी विहिरीचं, तळ्याचं किंवा नळाचं. पोवळं पाहायचं तर सराफाच्या दुकानात, अंगठीत. पण हुबळी-धारवाड हे जोडशहर पाणलोटाच्या धारेवर वसलं आहे. एकाच सरीचं पाणी इथून दोन समुद्रांकडे वाटलं जातं. पूर्वेकडचं पाणी बेण्णीहळ्ळातून मलप्रभेत जातं, मलप्रभा कूडलसंगमाला कृष्णेत मिळते आणि तिथून नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणांची माळ ओलांडून उरलंसुरलं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. पश्चिमेकडचं पाणी बेडतीला मिळतं. धारवाडहून निघालेली शाल्मला तिला कलघटगीच्या बाजूला येऊन भेटते. यल्लापूरच्या रानात मागोडला सुमारे दोनशे मीटरची उडी घेऊन ती खाली उतरते आणि गंगावळी या नावाने अंकोला आणि गोकर्ण यांच्यामध्ये समुद्राला मिळते. पूर्वेची वाट हजारभर किलोमीटरांची, तर पश्चिमेची जेमतेम एकशेसाठ. पूर्वेला जाणारी माती जलाशयांच्या तळाशी अडकते आणि कृष्णेच्या मुखाशी तर मातीअभावी किनारा खचतो आहे. पश्चिमेच्या वाटेवर मोठं धरणच नाही. बेडतीवर जलविद्युत धरण बांधायची योजना होती. शिरसी-यल्लापूरच्या सुपारी बागायतदारांनी तिला विरोध केला, 1981 मध्ये शिरसीत त्यावर जाणकारांचं चर्चासत्र झालं आणि योजना बाजूला पडली. त्यामुळे आजही धारवाडच्या उतारावरून सुटलेला मातीचा कण, वाटेत कुठे विसावला नाही तर, एकाच पावसाळ्यात समुद्र गाठू शकतो.

त्या समुद्रात पोवळी आहेत, ही गोष्ट किनाऱ्यावरच्याही अनेकांना नवी असते. भारतातली प्रवाळबेटं म्हटलं की लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचं आखात आणि कच्छचं आखात ही चारच नावं शालेय पुस्तकात येतात. पश्चिम किनाऱ्याचा मधला लांबलचक पट्टा कोरा राहतो. पण मुरुडेश्वरसमोर सुमारे 19 किलोमीटरवर नेत्राणी बेट आहे. नौदल त्याचा उपयोग तोफांच्या सरावासाठी करत आलं आहे आणि त्याच्याच कड्यांखाली जिवंत प्रवाळ आहेत. गोव्यात मुरगावपुढच्या बेटांभोवती ते आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासिम आणि वाफर या शास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मालवण, रत्नागिरी अशा ठिकाणच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली आणि 1987 मध्ये मालवणचं 29 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. ही काही लक्षद्वीपसारखी कंकणाकृती बेटं नव्हेत. खडकाला धरून राहिलेल्या, विखुरलेल्या वसाहती आहेत, बहुतेक थोड्या मीटरांच्या खोलीत. पुढच्या प्रकरणांमध्ये त्यांच्या जाती, त्यांच्याभोवतीचे मासे आणि त्यांवर जगणारी माणसं यांची ओळख होईल. या प्रस्तावनेला एवढंच सांगायचं आहे की या वसाहतींचं भवितव्य समुद्राइतकंच डोंगरावर ठरतं, आणि ते ठरवणारी गोष्ट म्हणजे पावसाळ्यानंतर पाणी निवळायला किती दिवस लागतात. पोवळ्याला मारतो तो पूर नव्हे. पुरानंतर निवळायला उशीर लावणारं पाणी त्याला हळूहळू संपवतं.

पोवळं हा प्राणी आहे, पण त्याचं पोट मुख्यतः वनस्पतीवर चालतं. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. चुनखडीचा सांगाडा उभारायला लागणारी ऊर्जा याच वाट्यातून येते. म्हणून पोवळ्याच्या बाबतीत पाण्याची खोली मीटरात मोजून भागत नाही, ती उजेडात मोजावी लागते. त्यासाठीचं सर्वांत जुनं आणि आजही न हरलेलं साधन म्हणजे पांढरी तबकडी. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने 1865 मध्ये पोपच्या नौकेवरून ती भूमध्य समुद्रात सोडली आणि कुठे दिसेनाशी होते ते नोंदवलं. ढोबळ हिशेब असा, की तबकडी जिथे दिसेनाशी होते त्याच्या अडीच ते पावणेतीन पट खोलीवर पृष्ठभागावरच्या उजेडाचा एक टक्का उरतो. तबकडी दोन मीटरांवर दिसेनाशी झाली तर साडेपाच मीटरांखाली शैवालाची कमाई जवळपास थांबली असं समजावं. ती पंधरा मीटरांपर्यंत दिसत असेल तर चाळीस मीटरांवरही जगण्यापुरता उजेड पोचतो. हा हिशेब आपल्याच किनाऱ्याने तपासून दिला आहे. मालपेच्या पश्चिमेला सुमारे 100 किलोमीटरवर समुद्रात बुडालेला एक उंचवटा आहे. ज्या जहाजाने तो शोधला त्याच्या नावावरून त्याला गवेषणी बँक म्हणतात. त्याचा माथा सुमारे 40 मीटर खोल आहे आणि तिथे जिवंत प्रवाळ सापडल्याचं 1978 मध्ये प्रसिद्ध झालं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचं नाव लावणाऱ्या आंग्रिया बँकेवर विसेक मीटर खोलीतही प्रवाळ आहेत. किनाऱ्यालगत मात्र तेच प्रवाळ थोड्याच मीटरांच्या खोलीत राहतात. अक्षांश तोच, समुद्र तोच, पाण्याच्या उबेत मोठा फरक नाही. उजेडाचा फरक आहे, आणि तो फरक करणारी गोष्ट नद्यांच्या मुखातून येते.

मातीचे सगळे कण सारखे वागत नाहीत, आणि बहुतेक गैरसमज इथेच सुरू होतात. नदीतून आलेला वाळूचा दशांश मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात दहा मीटर खाली जायला वीस-पंचवीस मिनिटं घेतो. चिकणमातीचा दोन सहस्रांश मिलिमीटरचा कण तेवढंच अंतर जायला महिनाभर घेतो. वाळू मुखाशीच बसते, तिचा दांडा होतो, किनारा होतो, तिच्याबद्दल तक्रार करायचं कारण नाही. पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की तिचे कण एकमेकांना चिकटून त्यांचे लोंबते पुंजके होतात आणि तळ गाठतात, हे खरं. पण उथळ समुद्रात तळ गाठणं म्हणजे सुटका नव्हे. पुढचं उधाण, पुढचा वारा त्यांना पुन्हा वर उचलतो. एकदा आलेला गाळ असा अनेकदा येतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या तळाचा नकाशा हीच कहाणी सांगतो. किनाऱ्यापासून साधारण पन्नास मीटर खोलीपर्यंत तळावर आजच्या नद्यांनी आणलेल्या चिखलाचा पट्टा आहे आणि त्यापलीकडे जुनी वाळू आणि चुनखडी आहे, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा खूप खाली होती त्या काळातली. म्हणजे जिवंत प्रवाळांना या किनाऱ्यावर दोनच जागा उरतात: चिखलाच्या पट्ट्यातून डोकं वर काढणारा खडक, नाहीतर पट्टा संपतो त्यापलीकडचा बुडालेला उंचवटा. नेत्राणी आणि मालवण पहिल्या प्रकारातली, गवेषणी आणि आंग्रिया दुसऱ्या. प्रवाळभिंतीतली खिंडारं दऱ्यांच्या आणि ओढ्यांच्या मुखांसमोर येतात, हे डार्विनने 1842 च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलं होतं. त्यामागे गोडं पाणी आणि गाळ आहेत, हा त्याचा तर्क आजही टिकून आहे.

गाळ पोवळ्याचं नुकसान दोन वाटांनी करतो: वर तरंगत राहून उजेड अडवतो आणि खाली बसून अंगावर साचतो. कॅरोलिन रॉजर्स यांनी 1990 पर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा माणसाचा उपद्रव नसलेल्या प्रवाळबेटांवर दर लिटरला दहा मिलिग्रॅमपेक्षा कमी तरंगता गाळ आणि दिवसाला दर चौरस सेंटिमीटरवर दहा मिलिग्रॅमपेक्षा कमी साचणारा गाळ आढळतो असा आकडा पुढे आला. तो नियम म्हणून पाठ करण्यात अर्थ नाही, जाती आणि जागा यांप्रमाणे तो बदलतो. पण आपल्या खाड्यांच्या तोंडाशी श्रावणात दिसणारं पाणी त्याच्या किती पल्याड असतं ते तबकडीशिवायही कळतं. शिवाय गाळ किती, याहून तो कशाचा, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कुजका जैव अंश असलेला गाळ पोवळ्यांवर पसरला तेव्हा एका दिवसात त्यांचं मांस झडू लागलं. सूक्ष्मजीवांनी गाळाखालचा प्राणवायू संपवला आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार झालं. नुसत्या खनिज मातीखाली तीच पोवळी कितीतरी अधिक टिकली. म्हणजे नांगरटीची सुटी माती, शेणखताचा आणि पालापाचोळ्याचा अंश, गावाचं सांडपाणी हे सगळं एकत्र येतं तेव्हा गाळाचं वजन सांगून प्रश्न संपत नाही.

जमीन वापरण्याची पद्धत बदलली की समुद्रातला गाळ बदलतो, याचा सर्वांत पक्का पुरावा ऑस्ट्रेलियात आहे. पोरायटीस जातीचं पोवळं वर्षाला एक थर चढवत वाढतं आणि ज्या पाण्यात वाढतं त्याची रासायनिक नोंद त्या थरात ठेवतं. नदीच्या चिकणमातीला बेरियम चिकटलेलं असतं. खाऱ्या पाण्यात ते सुटतं आणि सांगाड्यात जाऊन बसतं. मॅकलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट बॅरियर रीफच्या किनाऱ्यालगतच्या हवाना रीफवरचा असा गाभा काढून 1750 ते 1998 पर्यंतची बेरियमची पातळी मोजली. 2003 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार 1870 च्या सुमारापासून, म्हणजे बर्डेकिन नदीच्या खोऱ्यात युरोपीय वसाहतवाल्यांची गुरं चरू लागल्यापासून, पुरांबरोबर येणारा गाळ पाच ते दहा पटींनी वाढला. पाऊस वाढलेला नव्हता, जमिनीवरचं गवत गेलं होतं. त्याच किनाऱ्यावर पुढे झालेल्या मोजमापांनी दुसरी गोष्ट दाखवली, आणि आपल्या दृष्टीने तीच मोलाची आहे: मोठ्या पुराच्या वर्षी पाण्याची पारदर्शकता पूर ओसरल्याबरोबर परत येत नाही, लाटा गाळ ढवळत राहतात आणि पाणी निवळायला कित्येक महिने जातात.

आता हे आपल्या वर्षचक्रावर ठेवून पाहू. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारी बंद असते, ऑगस्टमध्ये होड्या बाहेर पडतात, पण बुडी मारून प्रवाळ दाखवणाऱ्यांचा हंगाम मुरुडेश्वरला काय आणि मालवणला काय, ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतो, कारण त्याआधी पाण्याखाली हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. मे संपेपर्यंतचे हे सात-आठ महिने म्हणजे इथल्या पोवळ्याची वर्षभराची कमाई. पावसाळ्यातले अंधारे महिने ते साठवलेल्या चरबीवर आणि पाण्यातून टिपलेल्या अन्नकणांवर काढतं. या ताळेबंदात पूर हा अपेक्षित खर्च आहे. अनपेक्षित आहे तो कमाईच्या महिन्यांतला घाटा: ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरात निवळलेलं पाणी, एप्रिल-मेच्या वळवाने उघड्या शेतांवरून धुऊन आणलेला लोंढा, किनाऱ्याच्या बांधकामातून आणि बंदरांच्या गाळउपशातून भर हिवाळ्यात उठणारा चिखल. सात महिन्यांतला एक गेला तर पावसाळ्याच्या उंबरठ्यावर पोवळ्याची शिल्लक तेवढी कमी, आणि ही तूट कुठल्याही एका दिवशी डोळ्यांना दिसत नाही.

बेडती-गंगावळीच्या खोऱ्यात अशा अवेळी गाळाची कारणं शोधायला दूर जावं लागत नाही. हुबळी-धारवाडकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, यल्लापूरला अडीच हजारांच्या आसपास. जास्त पाऊस जिथे पडतो तिथे अजून रान आहे, आणि जिथे रान नाही तिथे पाऊस बेताचा आहे. निसर्गाने केलेली ही वाटणी या नदीचं नशीब म्हटलं पाहिजे. पण वळवाचा पाऊस बेताच्या प्रदेशातच, नांगरून तापत ठेवलेल्या जमिनीवर, एकेका तासात कोसळतो. बांधलेल्या भातखाचराच्या जागी उताराच्या दिशेने सऱ्या पाडलेला मका आला की त्याच पावसात जाणारी माती वाढते. घाटातलं रान जिथे कापलं जातं तिथे तर एका ठिकाणची माती शेकडो शेतांना भारी पडते. 16 जुलै 2024 रोजी अंकोला तालुक्यात शिरूरला डोंगराची कड राष्ट्रीय महामार्ग 66 वर आणि थेट गंगावळीच्या पात्रात कोसळली. माणसं गेली, वाहनं नदीत गाडली गेली आणि पात्रात मातीचा उंचवटा उभा राहिला. महामार्ग रुंद करताना कापलेल्या उताराकडे तेव्हा बोट दाखवलं गेलं. माणसांच्या शोधापुढे बाकी सगळं गौण होतं, ते योग्यच. पण तो ढिगारा नदीने पुढे कुठे नेला, हा प्रश्न नंतरही विचारला गेला नाही तर ते मात्र योग्य नव्हे. याच खोऱ्यातून हुबळी-अंकोला रेल्वेमार्गाची, सुमारे 164 किलोमीटरची, मागणी कित्येक दशकं चालू आहे. हुबळीच्या व्यापाराला तो हवा आहे, आणि हवा असण्याची कारणं खोटी नाहीत. वाद चालतो तो बहुतेक तोडाव्या लागणाऱ्या झाडांच्या संख्येवर आणि वन्य प्राण्यांच्या वाटांवर. कापलेल्या उतारांची माती पहिल्या पाच पावसाळ्यांत कुठे जाईल, याचा हिशेब त्या वादात क्वचितच येतो.

पहिला आक्षेप उघड आहे आणि तो हलका नाही. सह्याद्रीच्या नद्या लाखो वर्षं माती आणत आल्या आहेत. धारवाडच्या नावानेच ओळखले जाणारे खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने आणि तेव्हापासून झिजत आहेत. या गढूळ किनाऱ्यावर जे प्रवाळ आहेत ते गाळ सोसणारेच आहेत, नाहीतर ते इथे नसतेच. त्याला जोड म्हणून कच्छच्या आखाताचं उदाहरण दिलं जातं. तिथे भरती-ओहोटी इतकी जोरकस की पाणी वर्षभर ढवळलेलं असतं, तरीही पिरोटनसारख्या बेटांवर प्रवाळ टिकून आहेत, आणि 1982 मध्ये तिथे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. हे सगळं खरं आहे. पण कच्छमध्ये काय टिकलं ते नीट पाहायला हवं. फांद्यांची नाजूक, झपाट्याने वाढणारी कुळं तिथून मागे हटली आहेत. उरले आहेत ते गोलसर, जाड, अंगावरचा गाळ चिकट द्रवाने ढकलून टाकणारे, तरंगते कण टिपून खाणारे. गाळ सोसायला ऊर्जा लागते. सोसणारा प्राणी सोसण्याच्या खर्चातच जगतो, वाढीला आणि प्रजननाला त्याच्याकडे कमी उरतं. शिवाय लहान पोवळं बसायला स्वच्छ, टणक खडक लागतो. चिखलाचा पातळ थरही त्याला पुरेसा नकार असतो, म्हणून जुन्या वसाहती जिवंत दिसत असतानाही नवी पिढी खुंटलेली असू शकते. सवय आहे म्हणून ओझं वाढवत नेता येतं, असा निष्कर्ष कच्छमधून निघत नाही. नेत्राणी आणि मालवण ही सोसण्याच्या कडेवरची ठिकाणं आहेत, आणि कडेवर थोडा धक्काही पुरतो.

दुसरा आक्षेप अधिक नवा आणि अधिक अडचणीचा आहे. प्रवाळांचा खरा शत्रू तापणारा समुद्र आहे, असं तो म्हणतो. 1998, 2010, 2016 या वर्षांत लक्षद्वीपच्या स्वच्छ पाण्यातली पोवळी पांढरी पडून मेली, तिथे ना नदी, ना गाळ. मालवणलाही गेल्या दशकात वारंवार विरंजन झालं. उलट 2020 मध्ये सली आणि व्हॅन वूसिक या संशोधकांनी दाखवलं की मध्यम गढूळ पाण्यातली प्रवाळबेटं उष्णतेच्या लाटेत तुलनेने कमी विरंजित होतात, कारण गढूळपणा कडक उन्हापुढे सावली धरतो. मग गाळ हा शत्रू की मित्र? या आक्षेपातली वस्तुस्थिती मान्य करूनच उत्तर द्यावं लागेल. ज्या गढूळपणाने सावली मिळते तो मध्यम आहे, आणि ती सावली उपयोगी पडते एप्रिल-मेच्या तापलेल्या आठवड्यांत. नोव्हेंबर-डिसेंबरात, पोवळ्याने शिल्लक टाकायची तेव्हा, तीच सावली उपासमार ठरते. विरंजनातून वाचलेल्या पोवळ्याला परत उभं राहायला उजेड लागतो आणि मेलेल्याच्या जागी नवं बसायला गाळमुक्त खडक लागतो. तापमानाची लढाई हुबळीला किंवा मालवणला एकट्याने लढता येणार नाही. सावरण्याची संधी देणं मात्र बरंचसं स्थानिक हातात आहे. दोन संकटांपैकी एक मोठं आहे म्हणून दुसरं मोजायचं नाही, हा युक्तिवाद दवाखान्यात कोणी चालवून घेणार नाही.

तिसरा आक्षेप अंतराचा आहे: धारवाडच्या उतारावरची माती नेत्राणीपर्यंत पोचते हे कशावरून? इथे दावा जपून करायला हवा. गंगावळीचं मुख नेत्राणीच्या उत्तरेला साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, म्हणजे गढूळ पाण्याचा पट्टा त्याच दिशेने सरकतो. पण त्याच पट्ट्यात उत्तरेची काळी, मधली अघनाशिनी आणि नेत्राणीला अधिक जवळची शरावती याही आपापली माती घालतात. नेत्राणीच्या अमुक खडकावरचा चिखल अमुक तालुक्याचा, असं बोट ठेवता येत नाही आणि ठेवायची गरजही नाही. पश्चिम किनाऱ्याचा चिखल हा सामाईक खात्यातला आहे, आणि सामाईक खात्यात प्रत्येकाचा वाटा लहान असतो हे वाटा न देण्याचं कारण होत नाही. कोणी म्हणेल, मग धरणं बांधावीत, काळीवर सुपा आणि शरावतीवर लिंगनमक्की आहेच. पण धरण सर्वांत आधी वाळू अडवतं आणि सर्वांत शेवटी चिकणमाती. पाणी गढूळ करणारा बारीक भाग बऱ्याच अंशी पुढे निघून जातो आणि किनारा उभा करणारी वाळू मागे राहते. सगळा गाळ बंद करणं हे उद्दिष्टही नव्हे. खाडीतली कांदळवनं, अघनाशिनीचे शिंपले, तिथल्या गजनी जमिनींतला कग्गा भात, गोव्याची खाजणं, हे सगळं नदीच्या गाळावर उभं आहे. आणि गोड्या पाण्याचा आघात गाळापासून वेगळा काढणं अवघड आहे, दोन्ही एकाच पुराबरोबर येतात. म्हणूनच या लेखनाचा रोख पुरावर नाही, पुरानंतरच्या महिन्यांवर आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खारटपणा पूर्ववत झालेला असतो. तेव्हाही पाणी गढूळ राहिलं तर दोष गोड्या पाण्यावर ढकलता येत नाही.

माती जागेवर धरण्याचं शास्त्र या भागाला नवं नाही, उलट हा भाग त्याच्या जुन्या शाळांपैकी एक आहे. कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रं 1933 च्या सुमारास सोलापूर आणि विजापूरला सुरू झाली. मुंबई इलाख्याने 1942 मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि त्याखाली इलाख्याच्या दुष्काळी जिल्ह्यांमध्ये समपातळी बांध घातले गेले. 1956 पर्यंत धारवाड जिल्हाही मुंबईतच होता. हे काम शेतात ओल टिकावी म्हणून झालं, समुद्राचा विचार त्यात कोणाच्या डोक्यात नव्हता, आणि म्हणूनच ते टिकाऊ कारणावर उभं होतं: बांधाचा फायदा बांध घालणाऱ्यालाच मिळतो. आजही कलघटगीच्या शेतकऱ्याला पोवळ्यांसाठी बांध घाला म्हणून सांगणं मूर्खपणाचं ठरेल. त्याला त्याची माती हवी आहे. जिथे तो स्वार्थ लागू पडत नाही, म्हणजे रस्त्यांचे कापलेले उतार, रेल्वेचे भराव, खाणींचे आणि बांधकामांचे ढिगारे, तिथे मात्र कायद्याची गरज आहे, आणि नेमकी तिथेच कायद्याची नजर आखूड पडते. खडक-प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पोवळं तोडणाऱ्याला वाघ मारणाऱ्यासारखीच शिक्षा होऊ शकते. किनारा नियमन क्षेत्र भरतीरेषेपासून पाचशे मीटरांपर्यंत आत येतं. त्यापलीकडचा शेकडो किलोमीटरचा उतार प्रवाळाच्या दृष्टीने कायद्यात अस्तित्वातच नाही. पोवळं तोडणारा हात गुन्हेगार, आणि त्याचा उजेड तोडणारा लोंढा नैसर्गिक, अशी ही विभागणी आहे. घाटातल्या प्रकल्पाच्या पर्यावरणीय परवानगीत खालच्या खाडीतला आणि किनाऱ्यावरचा गढूळपणा बांधकामाआधी आणि नंतर पाच वर्षं मोजण्याची अट घालायला कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागणार नाही.

अडचण उपायांची कमी आणि मोजमापाची जास्त आहे. गवेषणी बँकेची नोंद होऊन जवळपास पाच दशकं झाली, मालवणच्या नोंदीलाही तेवढीच, आणि तरीही नेत्राणीला गेल्या वीस पावसाळ्यांनंतर पाणी कोणत्या आठवड्यात निवळलं याची अखंड यादी हाताशी ठेवून बोलता येत नाही. अशी यादी असती तर या प्रस्तावनेतला युक्तिवाद तिच्यावर घासून पाहता आला असता. निवळण्याची तारीख खरोखर पुढे सरकते आहे का, मोठ्या पुराच्या वर्षी ती किती सरकते, रस्ता किंवा बंदराचं काम चाललेल्या वर्षांनंतर ती मागे येते का, की पावसाच्या लहरीपलीकडे तिच्यात काहीच सापडत नाही. शेवटची शक्यता खरी निघाली तर पोवळ्यांसाठी ती चांगली बातमी असेल, आणि वरचा बराचसा मजकूर मागे घ्यावा लागेल. तीस सेंटिमीटरची पांढरी तबकडी आणि गाठी मारलेली दोरी एवढ्यावर हे काम होतं. बुडी मारणाऱ्यांना घेऊन मुरुडेश्वरहून नेत्राणीला आणि मालवणहून किल्ल्यामागच्या खडकांवर जाणाऱ्या होड्या हंगामात रोज त्याच जागी थांबतात. दुपारच्या उन्हात, होडीच्या सावलीच्या बाजूला तबकडी सोडायची, दिसेनाशी झाली ती गाठ, तारीख आणि जागा वहीत लिहायची, आणि तोच आकडा त्याच आठवड्यात गंगावळीच्या मुखाशी आणि वर कलघटगीजवळ बेडतीत घ्यायचा. धारवाडचं कृषी विद्यापीठ वरच्या टोकाला आहे, दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था खालच्या टोकाला. मधल्या दीडशे किलोमीटरांच्या नदीकाठावर शाळा आणि महाविद्यालयं भरपूर आहेत. पाच वर्षांच्या अशा वह्या जमल्या, की रेल्वेमार्गाच्या किंवा महामार्गाच्या पुढच्या सुनावणीत झाडांच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा ठेवता येईल.

— जुनी हुबळी